कोरा गळ

त्या वर्षी मासे फार सहज लागत होते, आणि त्र्यंबकराव नेरुरकरांनी त्याचं सगळं श्रेय आपल्या माश्यांना दिलं.

माश्या खऱ्या नव्हेत. गळाच्या बारीक दांडीवर रेशीम, पिसं आणि केस गुंडाळून बनवलेल्या खोट्या. ट्राउट हा मासा पाण्यावर उतरणारे किडे टिपून खातो. त्याला गांडुळाचं आमिष न दाखवता अशी बनावट माशी पाण्यावर अलगद सोडून फसवायचं, असा इकडचा नाद. पेनसिल्व्हेनियाच्या मधोमध, डोंगरांच्या दोन लांब रांगांमध्ये वसलेल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात तर तो बापाकडून मुलाकडे चालत आलेला. गावात विद्यापीठ, आणि विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये त्र्यंबकराव उपकरणांचे मेकॅनिक. प्राध्यापकांनी कागदावर काढून आणलेला कसलाही पितळी, काचेचा, नखाएवढा भाग ते बनवून देत. एकोणसत्तर साली आले ते सतरा वर्षं त्याच एका टेबलापाशी बसले. मराठी विद्यार्थी त्यांना त्र्यंबककाका म्हणत, अमेरिकन लोक टिम म्हणत, आणि दोन्ही हाकांना ते मान वर न करता सारखाच 'हं' देत.

गावापासून चार मैलांवर हार्लन क्रीक नावाचा ओढा होता. चुनखडीतून झिरपून येणारं पाणी, उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात न गोठणारं. पुलापाशी वॉल्टरचं दुकान. वॉल्टर सत्तरीचा, एका कानाने बहिरा. गळ, काठ्या, दोऱ्या विकायचा आणि गिऱ्हाइकाला फुकट सल्ला द्यायचा. त्याच्या दुकानातल्या माश्या घेऊन त्र्यंबकराव पंधरा वर्षं त्या ओढ्यावर जात होते आणि बहुतेक वेळा हात हलवत परत येत होते. मासा वर यायचा, माशी निरखायचा, आणि पाठ फिरवून खाली जायचा. इथले मासेसुद्धा विद्यापीठात शिकलेले आहेत, असं वॉल्टर म्हणायचा. महिन्याकाठी एखादा लागलाच तर त्र्यंबकराव आजूबाजूच्या लोकांसारखा तो सोडून द्यायचे. सगळे सोडायचे. वरच्या मैलभर पट्ट्यात सोडण्याचा नियमच होता. खाली नियम नव्हता, तरी सोडायचे.

घरी आल्यावर त्र्यंबकराव त्यावर हसायचे. हे लोक मासा पकडतात, हात ओला करून त्याला गोंजारतात, फोटो काढतात आणि निरोप देतात. वेंगुर्ल्याच्या माणसाला हे कसं पटावं? भरलं ताट समोर आणून परत न्यावं, तसलाच प्रकार. पण हसणं घरातलं. ओढ्यावर ते कधी बोलले नाहीत.

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात त्यांचा गुडघा धरला. वर्कशॉपहून आल्यावर कुठे जाणं नाही, बाहेर गुडघाभर बर्फ. बेसमेंटमधली जुनी ट्रंक आवरताना एक वही हाती लागली. कापडी बांधणीची, कोपरे कुरतडलेली, काश्मीरची.

चोविसाव्या वर्षी ते सरकारच्या पाणी मोजणाऱ्या खात्यात लागले होते आणि नेमणूक झाली ती थेट काश्मीरमधल्या एका नदीवर. काठावर लाकडी खोपट, पाण्यात उभी केलेली आकड्यांची पट्टी, आणि काम एवढंच: सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, पाणी कुठल्या आकड्यावर आहे ते लिहायचं. अडीच वर्षं हे केल्यावर लिहिण्याची सवय हाडात मुरली. पुढे ते किराण्यापासून दाढदुखीपर्यंत सगळं तारीखवार लिहीत गेले. त्या नदीत साहेबांनी कधीकाळी सोडलेले ट्राउट होते आणि त्यांच्यावर सरकारने ठेवलेला एक म्हातारा राखणदार होता. साहेब गेले, त्यांचं विलायती सामान यायचं थांबलं, तेव्हा या म्हाताऱ्याने घरात होतं त्यातून माश्या बांधायला घेतल्या. कोंबड्याच्या मानेची पिसं, शेळीची लोकर, अक्रोडाच्या सालीत रंगवलेलं रेशीम, फाटक्या शालीची जर. त्याने त्र्यंबकरावांना चार माश्या शिकवल्या, आणि आणखी एक गोष्ट. पाणी चढलं तर घाबरू नकोस, चढणारं पाणी डोळ्यांना दिसतं, तो म्हणाला होता. पाणी कारणाशिवाय उतरलं तर मात्र बिछाना गुंडाळ आणि डोंगर चढायला लाग. वर कुठेतरी दरड पडून नदी अडलेली असते, आणि ती फुटली की सगळं घेऊन जाते.

चारही माश्या वहीत होत्या. कुठला धागा, किती वेढे, पिसं कुठल्या बाजूला. काळी, अक्रोडी, जरीची, आणि चौथी, जिला म्हाताऱ्याने काही नाव दिलं नव्हतं म्हणून त्र्यंबकरावांनी 'राखणदार' लिहून ठेवलं होतं.

त्या हिवाळ्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कडेला एक चिमुकला वाइस बसवला. त्यात गळ पकडायचा आणि भिंग लावून वेढे घालायचे. कोंबड्याची पिसं शेतकऱ्याकडून मिळाली. जर मात्र मिळेना. दुकानात चकचकीत प्लॅस्टिकची पट्टी मिळायची. ती त्यांना पसंत नव्हती. शेवटी सुमित्राबाईंच्या कपाटात घडीवर विरलेला लग्नातला शालू होता, त्याच्या पदराचा एक कोपरा त्यांनी मागितला.

सुमित्राबाईंनी कात्री दिली आणि म्हणाल्या, "सतरा वर्षांत मला एक जरीची साडी घेतली नाहीत. आता माझीच जर काढून माश्यांना नेसवा."

"तुला नेसवली तेव्हा तू तरी कुठे गळाला लागत होतीस?" त्र्यंबकराव भिंगातून मान वर न काढता म्हणाले.

एप्रिलमध्ये मोसम सुरू झाला. पहिल्याच दिवशी, तिसऱ्या फेकीला जरीच्या माशीवर एक मासा आला. निरखलं नाही, पाठ फिरवली नाही. थेट तोंडात घेतली. अर्ध्या तासात दुसरा, मग तिसरा. त्र्यंबकराव काठावर बसले. गुडघा दुखत होता आणि त्यांना एकट्यालाच हसू येत होतं. तीस वर्षांपूर्वी एका निरक्षर म्हाताऱ्याने शिकवलेली माशी, वेंगुर्ल्याच्या शालूची जर, आणि हे पेनसिल्व्हेनियाचे पदवीधर मासे. त्यांनी खिशातून नवी वही काढली. तारीख, वेळ, माशीचं नाव, माशाची लांबी इंचांत.

माश्या वॉल्टरला दाखवल्या तेव्हा त्याने त्या तळहातावर घेऊन खिडकीशी नेल्या. काम सुरेख आहे, म्हणाला. पण असला किडा या ओढ्यावर जन्मालाच येत नाही, माशाला हे काय दिसत असेल? त्र्यंबकरावांनी खांदे उडवले. आतून मात्र ते फुलले होते. या देशात त्यांनी आणलेली एखादी गोष्ट इथल्या गोष्टीपेक्षा सरस ठरली, असं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं.

मासे लागू लागले, तसे ते घरी आणू लागले. चोरून. ओढ्याच्या खालच्या अंगाला, दुपारी, माणसं जेवायला गेली की. मासा मारून, वर्तमानपत्रात गुंडाळून डब्याच्या पिशवीत, वर थर्मास. नियम मोडत नव्हते, तरी चोरून. कारण वॉल्टरने पाहिलं असतं तर ते रानटी ठरले असते, असं त्यांना वाटायचं. वहीत आणखी एक रकाना आला. 'सोडला' किंवा 'नेला'.

मेच्या अखेरीस दरवर्षी या ओढ्यावर एक सोहळा व्हायचा. पाण्याखाली वर्षभर वाढलेले मोठे पिवळट किडे दोन-तीन संध्याकाळी एकदम पंख फुटून वर यायचे. पुलावर धुकं उतरल्यासारखे. मोटारींच्या काचा त्यांनी माखायच्या, लोक रजा काढून काठावर बसायचे. त्या वर्षीही बसले. पहिल्या संध्याकाळी काही आलं नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. तिसऱ्या दिवशी वॉल्टरने थर्मासमधली कॉफी पाण्यात ओतली, खुर्ची मिटली आणि दुकानात गेला. पुलाखाली पाकोळ्यांची मागच्या वर्षीची घरटी होती, त्यांत एकही पाकोळी नव्हती.

किडे नाहीत, तरी आपल्या माशीवर मासे येतात. त्र्यंबकरावांनी याचाही अर्थ आपल्या बाजूने लावला. मनात कुठेतरी एक पाल चुकचुकली, नाही असं नाही. पण माणसाला मिळू लागलेलं यश इतकं गोड असतं की पालीचा आवाज तो घड्याळाचा समजतो.

ऑगस्टमध्ये सुमेधा आली. त्यांची एकुलती एक मुलगी, सत्तावीस वर्षांची. तिचा नवरा राजीव पश्चिम किनाऱ्यावर, सनीव्हेलला, कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत होता. पहिलं बाळंतपण माहेरी, यावर सुमित्राबाई अडून बसल्या होत्या. तिथल्या डॉक्टरांना सांगताना सुमेधाची पंचाईत झाली म्हणे. नवरा तिथे आणि बाळंतपण तीन हजार मैलांवर, हे काय? पण ती आली. सातवा लागलेला, पाय सुजलेले, हातात संत्र्याच्या रसाचा डबा. पहिल्या संध्याकाळी तिने सांगितलं, की तिकडे तिला कशाचाच वास सहन व्हायचा नाही, आणि आता आठ दिवस एकच डोहाळा लागला आहे. आईच्या हातचा तळलेला मासा.

"बाबा, रोज आणाल?" तिने विचारलं. "आय ॲम सीरियस. रोज."

त्र्यंबकराव रोज जाऊ लागले. वर्कशॉपमधून साडेअकराला निघायचे, दीडला परत. एखाद्या दिवशीही हात हलवत आले नाहीत. सुमित्राबाई सिंकपाशी वर्तमानपत्र पसरून मासे साफ करायच्या. हळद, मीठ, तिखट, भारतातून आणलेलं आमसुलाचं आगळ लावून रव्यात घोळवायच्या. माशाच्या पोटात गाबोळी, अंड्यांची पिशवी, निघाली तर ती वेगळ्या छोट्या तव्यावर, आणि ती फक्त सुमेधाची. त्यांच्या आईने त्यांना तसंच घातलं होतं: भरल्या पोटाचं भरल्या पोटीला. ऑगस्ट सरत आला तशी माद्यांची पोटं भरू लागली आणि जवळजवळ रोज गाबोळी निघू लागली. सुमेधा ती बोटांनी खायची, लहानपणी खायची तशी, आणि त्र्यंबकराव समोर बसून बघायचे. आपल्या हाताने काही करून मुलीला घातलं, असं त्यांना यापूर्वी कधी फारसं जमलं नव्हतं. वहीत नोंद व्हायची: अक्रोडी, अकरा इंच, नेला, सु.ला गाबोळी.

सुमित्राबाई वेंगुर्ल्याच्याच. मासळीबाजारात कल्ला उचलून कोळणीशी भांडण्यात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना मासा वाचता येतो. एके दिवशी त्यांनी त्र्यंबकरावांना सिंकपाशी बोलावलं.

"याच्या पोटात बघा," त्या म्हणाल्या.

कागदावर त्यांनी माशाचा कोथळा उघडून ठेवला होता. त्यात एक काटकी, चार खडे आणि सिगारेटच्या टोकाचा कापूस.

"काल पण असंच. परवा पण. किडा नाही, शेवळ नाही. आणि डोकं बघा केवढं नि अंग बघा केवढं. हा मासा उपाशी आहे हो."

त्र्यंबकराव म्हणाले, उन्हाळ्यात असं होत असेल. त्यांनी तो कागद गुंडाळला आणि स्वतः बाहेर नेऊन टाकला. हे मात्र त्यांनी वहीत लिहिलं नाही. पुढे किती तरी वेळा ती वही चाळताना त्यांना त्या न लिहिलेल्या ओळीची जागा नेमकी दिसायची.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते वही घेऊन वॉल्टरच्या दुकानात गेले. एप्रिलपासूनचा हिशेब त्यांनी मांडला होता. चार माश्या, एकशे बारा मासे. शेवटचा रकाना त्यांनी घडी घालून झाकला होता. वॉल्टरने चष्मा लावून पानं उलटली. त्र्यंबकराव कौतुकाची वाट बघत होते. वॉल्टर एकेका तारखेवर बोट ठेवत होता. परत पहिल्या पानावर गेला, परत शेवटच्या. मग काउंटरखालचा खण उघडून त्याने एक गळ काढला. नुसता. ना धागा, ना पीस.

"तुझ्या माश्या चांगल्या आहेत, टिम," तो म्हणाला. "उद्या हा टाकून बघ."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. त्र्यंबकराव सकाळीच गेले. ढग खाली आले होते आणि ओढ्यावर कसलाच आवाज नव्हता. त्यांना वाटलं, आवाज बऱ्याच दिवसांपासून नाही, आपल्या लक्षात आज येतंय. ना किड्यांची गुणगुण, ना पाखरू. दोरीच्या टोकाला कोरा गळ बांधला. गळ बांधताना बोटांना लाज वाटत होती. आयुष्यभर जपून केलेल्या कामाची कुणी परीक्षा घ्यावी तशी. फेकला. प्रवाहाबरोबर तो खाली वाहत आला. दुसऱ्यांदा फेकला. तिसऱ्यांदा पाण्यात एक मोठं डोकं वर आलं आणि त्या नागड्या लोखंडाला त्याने तोंडात घेतलं.

त्यांनी तो सोडवला. परत फेकला. परत आला. चौथा, पाचवा. एकही निरखत नव्हता, एकही वळत नव्हता. डोकी मोठी, अंग सुरीच्या पात्यासारखं. जर, अक्रोडी रेशीम, मानेची पिसं, भिंगाखाली घातलेले ते सगळे वेढे. यातलं माशांना काही दिसलंच नव्हतं. समोरून जे वाहत येईल ते गिळत होते.

काठी ठेवून ते पाण्यात वाकले आणि हाताला येतील ते धोंडे उलटे करू लागले. अशा धोंड्यांच्या पोटाला किड्यांची पिल्लं चिकटलेली असतात. पंधरा वर्षांपूर्वी वॉल्टरनेच दाखवली होती, बोटाखाली वळवळणारी. आता धोंडे गुळगुळीत. पहिला, दुसरा, दहावा. घासून धुतलेल्या भांड्यांसारखे. पाणी आरशासारखं स्वच्छ होतं, आणि त्या स्वच्छपणानेच त्यांच्या अंगावर काटा आला. कारणाशिवाय उतरलेलं पाणी. म्हातारा सांगून गेला होता, आणि त्यांनी एप्रिलपासून त्याच्याच माश्या हातात धरून ते ऐकलं नव्हतं.

मागे पाचोळा वाजला. वॉल्टर आला होता. त्याने विचारलंही नाही. पाण्यात उभ्या माणसाच्या तोंडाकडे पाहून त्याला कळलं. किनाऱ्यावर डब्याची पिशवी होती, थर्मास, आणि खाली वर्तमानपत्राच्या घड्या. वॉल्टर त्या घड्यांकडे बघत राहिला.

"टिम," तो म्हणाला, "तू सोडतोस ना सगळे?"

त्र्यंबकरावांनी हातातला धोंडा परत पाण्यात ठेवला.

वॉल्टर पडलेल्या झाडावर बसला. मग सांगू लागला. आपल्या बुटांना सांगावं तसं. वरच्या अंगाला एक कारखाना होता. बंद पडून वीस वर्षं झाली. तिथे काय धुवायचे, उरलेलं कुठे पुरायचे, नीट कुणालाच माहीत नाही. एका वसंतात ओढ्यातले मासे उताणे झाले होते. पुढे नवे आले, किडे आले, सगळं पूर्वीसारखं दिसू लागलं. पण तेव्हापासून या पाण्यातला मासा कुणी घरी नेला नाही. यंदा जमिनीखालून परत काही सुटलं असावं, असा त्याला मेपासून संशय होता. तीन सरकारी ऑफिसांना पत्रं घातली होती. उत्तर नव्हतं.

"मला कुणी सांगितलं नाही," त्र्यंबकराव म्हणाले.

"तू पंधरा वर्षं इथे येतोस," वॉल्टर म्हणाला. "मला वाटलं, तुला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे." मग त्याने विचारलं, "कोण खातं घरी?"

त्र्यंबकरावांनी काठी तिथेच टाकली.

चार मैल त्यांनी कशी गाडी चालवली हे त्यांना पुढे आठवलं नाही; एवढंच आठवलं की बुटातलं पाणी ब्रेकवर गळत होतं. घराच्या दारातच वास आला. रव्याचा, तेलाचा, आमसुलाचा. काल आणून फ्रिजमध्ये ठेवलेला मासा तव्यावर होता. सुमेधा टेबलाशी बसली होती, राजीवचं पत्र ताटाला टेकवून वाचत होती, आणि तिच्या बोटांत गाबोळीचा तुकडा होता.

"खाली ठेव," ते म्हणाले.

"अहो, बूट," सुमित्राबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून त्यांनी हातातलं उलथनं खाली ठेवलं.

"सुमे, ठेव खाली ते."

त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. लांबण लावली नाही. कारखाना, पाणी, कुणीही खात नाही. सुमित्राबाईंनी गॅस बंद केला. तव्यावरचं तडतडणं हळूहळू थांबलं. सुमेधाने तुकडा ताटात ठेवला, बोटं कागदी रुमालाला पुसली, एकेक, सावकाश. तिने आरडाओरडा केला असता तर त्यांना सोसलं असतं.

"किती खाल्ले मी, बाबा?"

"लिहिलंय," ते म्हणाले.

सोमवारी ते तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, शांत. त्यांनी सगळं ऐकलं आणि साधारण किती, कधीपासून, असं विचारलं. त्र्यंबकरावांनी वही पुढे केली. मराठीतली होती, ते एकेक ओळ इंग्रजीत सांगत गेले आणि बाई लिहून घेत गेल्या. तारीख, इंच, मासा की गाबोळी. सदतीस मासे. एकोणीस वेळा गाबोळी. आपण खाल्लं ते माणसाला चार दिवसांनी आठवत नाही, बाई म्हणाल्या. इतकी चोख नोंद घेऊन आलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्यांना ते कौतुकाने म्हणायचं होतं. त्र्यंबकरावांनी वही मिटून मांडीवर घेतली.

सुमेधाचं रक्त घेतलं. फ्रीजरमध्ये उरलेले दोन मासे बर्फात घालून दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवले. नक्की काय शोधायचं तेच माहीत नसल्यामुळे वेळ लागेल, असं कळलं. सहा आठवडे तरी. बाईंनी तारखेचं कोष्टक काढून बघितलं. बाळंतपणाला पाच आठवडे उरले होते.

तोवर एक गोष्ट करा, त्यांनी सांगितलं. ठरलेल्या वेळी एक तास शांत बसायचं आणि बाळ किती वेळा हलतं ते मोजायचं. दहाच्या खाली गेलं तर फोन करायचा, वेळ बघायची नाही. दिवसातून एकदा मोजलं तरी चालेल.

त्र्यंबकराव तीनदा मोजू लागले. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. दुपारी वर्कशॉपमधून घरी यायचे. स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा वाइस त्यांनी काढला होता. त्याच्या स्क्रूने लाकडावर उमटवलेला खड्डा तेवढा राहिला होता. माश्या सिगारच्या एका डबीत घालून सुमित्राबाईंनी कुठे ठेवल्या, हे त्यांनी विचारलं नाही. नवी वही, त्यात दोनच रकाने. सुमेधा पोटावर हात ठेवून बसायची आणि प्रत्येक हालचालीला बोट उचलायची. ते रेघ ओढायचे. पहिल्या तीन दिवसांत त्या दोघांत याखेरीज बोलणं झालं नाही. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, पेन्सिल इतकी दाबू नका. त्याला ऐकू जाईल." त्यांनी हलक्या हाताने रेघ ओढली.

रोज रात्री राजीवचा फोन यायचा. आकडा काय, एवढंच विचारायचा. त्याने महिनाअखेरचं तिकीट काढलं होतं. वॉल्टर एकदा दारापर्यंत आला, ओढ्यावर टाकलेली काठी पुसून, दोरी गुंडाळून पायरीवर ठेवून गेला. बेल वाजवली नाही.

वहीत पहिल्या दिवशी सतरा, सोळा, अठरा होतं. मग पंधरा. मग दोन दिवस चौदा. बाळ मोठं होतं, पोटात जागा कमी पडते, म्हणून हालचाल थोडी उतरते, असं बाईंनी फोनवर सांगितलं होतं. काही कारण असलं की आकडा उतरायला हरकत नसते. त्र्यंबकरावांनी ते वाक्यसुद्धा लिहून ठेवलं. तेरा. बारा. बारा.

अकराव्या दिवशी सकाळी अकरा झाले आणि दुपारी दहा.

संध्याकाळी सहाला तिघं टेबलाशी बसली. सुमित्राबाईंनी न सांगता फोन लांब वायरसकट ओढून टेबलावर आणून ठेवला. खिडकीबाहेर मेपलची पानं पिवळी पडायला लागली होती आणि शेजारच्या अंगणात कुणीतरी यंत्राने गवत कापत होतं. थोड्या वेळाने तोही आवाज थांबला. घड्याळात साडेसहा झाले. वहीत पाच रेघा होत्या. सात वाजायला वीस मिनिटं उरली, तेव्हा सहा.

सुमेधाने हात पोटाच्या डाव्या बाजूला सरकवला. ती भिंतीकडे बघत होती, पण तिचं बोट किंचित वर येऊन थांबलं होतं. उचलावं की नाही, याची तिला खात्री नव्हती.

त्र्यंबकरावांनी पेन्सिल कागदाला टेकवली आणि ते बोटाकडे बघत राहिले.